लागानासची रात्र कुणाच्या भरवशावर? ग्रीसच्या पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री, ग्रीस सरकार, अथेन्स यांस,



झाकिंथोस बेटाच्या दक्षिणेला लागानासचा उपसागर आहे. 'कारेटा कारेटा' जातीची सागरी कासवं दर उन्हाळ्यात इथे येतात आणि रात्रीच्या अंधारात वाळूत अंडी घालतात. त्यांच्यासाठी आपल्या देशाने काय काय केलं आहे, हे कोकणातल्या वेळासच्या कासव महोत्सवाला जाणारा मराठी माणूस कौतुकाने ऐकेल. विणीच्या किनाऱ्यांवर हंगामभर सूर्यास्तानंतर कुणाला पाऊल टाकता येत नाही. उपसागराच्या एका पट्ट्यात यांत्रिक बोटींना मज्जावच आहे, तर दुसऱ्या पट्ट्यात ताशी सहा नॉटची वेगमर्यादा आहे. घरट्यांभोवती स्वयंसेवक चौकटी रोवतात, म्हणजे कुणाच्या छत्रीची दांडी अंड्यांत घुसू नये. १९९९ मध्ये इथे राष्ट्रीय सागरी उद्यान झालं. तरीही कासवांची पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून २००२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ग्रीसला दोषी धरलं. त्रुटी अजून असतील, पण नियम काय आहे आणि तो मोडणारा कोण आहे हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्याच किनाऱ्यावरून गावात शिरणारा लागानासचा मुख्य रस्ता रात्री निराळाच असतो. दोन्ही बाजूंना बार आणि क्लब, अधूनमधून क्वाड बाइक भाड्याने देणारी दुकानं आणि पाहुण्यांना हाताला धरून आत ओढणारी मुलं. समोर असतात अठरा-वीस वर्षांचे पाहुणे. त्यांतले बरेच ब्रिटनहून आलेले आणि पहिल्यांदाच आईवडिलांशिवाय सुट्टीवर निघालेले. हे पत्र त्यांच्याविषयी आहे. क्रीटमधलं मालिया, कॉर्फूच्या दक्षिण टोकाचं कावोस, सायक्लाडीसमधलं इओस, या सगळ्या ठिकाणच्या रात्रीविषयी आहे.

७ जुलै २०१७ च्या पहाटे याच लागानासच्या रस्त्यावर टेक्सासहून आलेला २२ वर्षांचा एक तरुण मारहाणीत मेला. नुकताच पदवीधर झालेला हा मुलगा स्वतःचा कपड्यांचा ब्रँड सुरू करणार होता आणि त्याच्या छायाचित्रणासाठी बेटावर आला होता. बारमध्ये वाद झाला, तो बाहेर पडला, मागे जमाव लागला आणि रस्त्यात त्याला गाठून लाथाबुक्क्यांनी तुडवलं. ही मारहाण सीसीटीव्हीत दिसते. पुढच्या वर्षी पात्रा शहरातल्या न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवलं. खटला चालला, शिक्षा झाल्या, हे ग्रीसच्या न्यायव्यवस्थेच्या बाजूने नोंदवायलाच हवं. पण भांडण बारच्या दारातून रस्त्यावर येईपर्यंत ते थांबवण्याची जबाबदारी कुणाची होती, हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही.

असं काही घडलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, पोरं पितात आणि मग जे व्हायचं ते होतं. दुसरं, ग्रीस तसा सुरक्षित देश आहे. दुसरं वाक्य खरं आहे. बहुतेक पाहुणे सुखरूप घरी जातात आणि अथेन्सच्या गल्लीबोळांत रात्री फिरताना मुंबईच्या माणसाला फारसं परकंही वाटत नाही. पहिलं वाक्य मात्र तपासून पाहिलं पाहिजे. या बेटांवर माणसं ज्या कारणांनी मरतात किंवा जायबंदी होतात ती कारणं ठरलेली आहेत: दारू, क्वाड बाइक, बाल्कनी, पाणी, ऊन आणि जवळ नसलेलं रुग्णालय. दर उन्हाळ्यात तीच यादी येते. जी गोष्ट दरवर्षी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी घडते तिला पोरांची मस्ती म्हणून सोडून देता येत नाही.

आधी दारू. ग्रीक लोक ज्या दारूला 'बॉम्बा' म्हणतात ती या रस्त्यांवर नवी नाही. बाटलीवर नाव एका ब्रँडचं, आत भरलेलं भलतंच. बहुतेक वेळा हे कर चुकवून आणलेलं किंवा चोरून गाळलेलं स्पिरिट असतं. त्यात अल्कोहोल नेमकं किती आहे हे पिणाऱ्याला कळत नाही आणि ओतणाऱ्यालाही नाही. आपल्याच यंत्रणा छापे घालून असा माल जप्त करतात, म्हणजे तो आहे हे सरकारला मान्य आहे. अशा बेहिशेबी दारूत मिथेनॉल असेल तर काय होतं, हे मुंबईला सांगावं लागत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग विएंगमध्ये सहा परदेशी पर्यटक मिथेनॉलनेच दगावले आणि त्यांत तरुण मुली होत्या. मिथेनॉलचा घात असा की रात्री ती साधी नशाच वाटते. बारा ते चोवीस तासांनी पोटात कळ येते, श्वास जड होतो, डोळ्यांपुढे पांढरं धुकं दिसू लागतं. तोवर शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड झालेलं असतं आणि डोळ्यांच्या नसेवर घाला पडलेला असतो. वेळेत रुग्णालय गाठलं तर उतारा आहे. हँगओव्हर समजून झोपून राहिलं तर नाही.

म्हणून तिथे जाणाऱ्याने बाटली आपल्यासमोर उघडलेली पाहावी किंवा सरळ बियर घ्यावी, हे सांगणं सोपं आहे आणि सांगितलंच पाहिजे. पेला नजरेआड झाला तर तो सोडून द्यावा, कारण पेयात गुंगीचं औषध टाकण्याचे प्रकार या ठिकाणीही होतात. मित्र शुद्ध हरपून पडला तर 'झोपेल आणि उतरेल' म्हणून त्याला खोलीत एकटं टाकू नये. त्याला कुशीवर वळवावं, वरचा गुडघा पुढे दुमडावा, तोंड किंचित खाली झुकवावं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. मग ११२ ला फोन करावा. शेजारी बसून राहावं. एवढ्यावर जीव वाचतो.

पण बाटलीत काय आहे हे तपासायचं काम वीस वर्षांच्या पाहुण्याचं नाही. ते काम राज्याचं आहे.

दुसरी गोष्ट क्वाड बाइक. चार चाकं पाहून माणसाला वाटतं, ही स्कूटरपेक्षा सुरक्षित. प्रत्यक्षात हे वाहन बनलं शेतासाठी आणि ओबडधोबड जमिनीसाठी. दोन चाकांमधलं अंतर कमी, गुरुत्वमध्य उंच आणि डांबरी वळणावर ते कलण्याऐवजी उलटतं. उलटलं की दोन-तीनशे किलोचं धूड अंगावर येतं. बेटांचे रस्ते अरुंद, चढउताराचे, वळणावर वाळू सांडलेली. मागे मित्र बसलेला, पायांत चपला, अंगात पोहण्याचे कपडे आणि हेल्मेट हँडलला अडकवलेलं. हे दृश्य जुलैत झाकिंथोसच्या कुठल्याही रस्त्यावर दिसतं. कायद्याने हेल्मेट सक्तीचं आहे. स्कूटर-मोटरसायकलस्वाराला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा गाडीवाल्याहून कडक, लिटरला ०.२ ग्रॅम आहे. म्हणजे एका बियरनंतरही चावी हातात घेऊ नये. तरीही दुकानदार काउंटरवर कागदावर सही घेतो, क्लच-ब्रेक दाखवतो आणि दोन मिनिटांत पाहुणा रस्त्यावर असतो.

इथे भारतातून जाणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भारतीय लायसन्सवर ग्रीसमध्ये गाडी चालवायची तर सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो भारतातल्या आरटीओतून मिळतो आणि वर्षभर चालतो. तो नसतानाही चावी हातात ठेवणारा दुकानदार भेटू शकतो. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न त्याच परवान्याचा विचारते आणि दुसरा रक्तातल्या अल्कोहोलचा. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. पण दारूच्या अमलाखाली झालेली इजा आणि योग्य परवान्याशिवाय चालवलेलं वाहन हे दोन अपवाद बहुतेक पॉलिसींत बारीक अक्षरांत असतात. परदेशी शस्त्रक्रिया आणि रुग्णाला विमानाने मायदेशी आणणं हा खर्च मध्यमवर्गीय घराला कर्जात बुडवणारा असतो. पॉलिसीची ती दोन पानं निघण्यापूर्वी वाचायला हवीत.

समुद्राबद्दल आणि बाल्कनीबद्दल थोडक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटतो आणि फुगवलेल्या गादीवर पहुडलेला माणूस बघता बघता खोल पाण्यात जातो. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नये. रात्री पिऊन तर मुळीच नाही, कारण तेव्हा जीवरक्षकही नसतो. तीस अश्वशक्तीपर्यंतची बोट ग्रीसमध्ये परवान्याशिवाय भाड्याने मिळते. पोहणाऱ्यांच्या मधून ती कुणी कशी हाकतो, यावर कुणाचंही लक्ष नसतं. झाकिंथोसवरच्या नवाजिओचा तो जगप्रसिद्ध जहाजफुटीचा किनारा २०१८ मध्ये कडा कोसळून माणसं जखमी झाल्यावर आणि २०२२ मध्ये पुन्हा दरड आल्यावर बंद केला गेला. हा निर्णय योग्य होता. बाल्कनीचं मात्र असं झालेलं नाही. ब्रिटनचं परराष्ट्र खातं आपल्या प्रवाशांना बाल्कनीतून पडण्याबद्दल वेगळा इशारा देतं, इतके हे अपघात ठरावीक आहेत. मित्राच्या खोलीत जायला कठड्यावर चढणं, किल्ली हरवली म्हणून शेजारच्या गच्चीतून झेप घेणं, कठड्यावर बसून सिगारेट ओढणं. शुद्धीत असलेला माणूस यांतलं काहीच करत नाही. दारूच्या रस्त्यालगतच्या हॉटेलांनी कठडे उंच करणं आणि तरुणांच्या गटांना तळमजल्याच्या खोल्या देणं, हे मात्र शुद्धीवर असलेल्या माणसांच्या हातात आहे.

उन्हाचा घात पार्टीच्या बेटापुरता नाही, पण रात्रभर जागलेल्या, पाणी कमी आणि दारू जास्त झालेल्या शरीराला तो आधी गाठतो. जून २०२४ मध्ये ग्रीसला उष्णतेच्या लाटेने फार लवकर गाठलं. त्या महिन्यात अनेक बेटांवर पायी निघालेले पर्यटक दगावले किंवा बेपत्ता झाले. त्यांत बीबीसीवरून जगाला आरोग्याचे धडे देणारे डॉक्टर मायकल मोस्ली होते. सिमी बेटावर ५ जूनच्या दुपारी ते किनाऱ्यावरून एकटेच चालत निघाले आणि ९ जूनला त्यांचा मृतदेह समुद्रकाठच्या एका बारजवळच्या खडकाळ उतारावर सापडला. ६७ वर्षांचा जाणता डॉक्टर दुपारच्या पायवाटेवर फसू शकतो, तर आदल्या रात्री चार वाजता झोपलेल्या मुलाने त्या वेळी टेकडी चढण्याचा विचारही करू नये.

आणि मग अंतर. मिकोनोसवर जगभरचे श्रीमंत येतात, पण तिथे रुग्णालय नाही, आरोग्य केंद्र आहे. इओसवरही पूर्ण रुग्णालय नाही. गंभीर जखमीला बोटीने किंवा हेलिकॉप्टरने दुसऱ्या बेटावर किंवा अथेन्सला न्यावं लागतं आणि वारा वाढला की तेही अवघड होतं. कावोसला लेफ्किमीचं आरोग्य केंद्र जवळ आहे, पण कॉर्फूचं मुख्य रुग्णालय कोंतोकालीत, सुमारे ५० किलोमीटरवर. डोक्याला मार लागलेल्या माणसासाठी पहिला तास सर्वांत मोलाचा असतो. २०२४ मध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख परदेशी प्रवासी ग्रीसला आले. देशाची लोकसंख्या याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. हिवाळ्यातल्या गावाच्या गरजेवर बेतलेलं आरोग्य केंद्र या गर्दीला कसं पुरणार?

मंत्रिमहोदय, आपलं सरकार मनावर घेतं तेव्हा काम होतं, याचे पुरावे ग्रीसमध्येच आहेत. ग्रीक खानावळीत मेन्यूच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: पावती दिली नाही तर ग्राहकावर पैसे देण्याचं बंधन नाही. कर बुडू नये म्हणून ही ओळ गावोगावच्या मेन्यूवर पोहोचवता आली. उष्णतेच्या लाटेत दुपारी उघड्यावरची कामं बंद ठेवण्याचा आदेश निघतो, ॲक्रोपोलिसचे दरवाजे लागतात. जुलै २०२३ मध्ये रोड्स बेटावर वणवा पेटला तेव्हा मोबाइलवर ११२ चे इशारे गेले आणि सुमारे १९ हजार लोकांना सुरक्षित हलवलं गेलं. त्याच रोड्सवरच्या फालिराकीची गोष्ट तर या पत्राच्या मुद्द्याला थेट लागू पडते. ऑगस्ट २००३ मध्ये तिथे बारमधल्या भांडणात फुटलेल्या बाटलीच्या वाराने १७ वर्षांचा ब्रिटिश मुलगा मेला. त्यानंतर पोलीस रस्त्यावर आले, झुंडीने एका बारमधून दुसऱ्यात नेणाऱ्या सहलींना आळा बसला आणि फालिराकी हळूहळू कुटुंबांचं ठिकाण झालं. तिथले लोक उपाशी मेले नाहीत.

स्पेनच्या बालेआरिक बेटांनी जानेवारी २०२० मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. मागालुफ, प्लाया दे पाल्मा आणि सांत आंतोनी या भागांत हॅपी अवर आणि बारच्या सामूहिक फेऱ्यांवर बंदी आली. दुकानांतून रात्री साडेनऊनंतर दारू विकायला मनाई झाली. बाल्कनीतून उड्या मारणाऱ्याला हॉटेलमधून तत्काळ बाहेर काढण्याची तरतूद झाली. त्या नियमांवर वाद आहेत आणि पळवाटाही शोधल्या जातात. पण जोखमीच्या गल्ल्या कुठल्या, हे सरकारने नकाशावर आखून सांगितलं. ग्रीसने लागानास, मालिया आणि कावोसबद्दल एवढं तरी केलं पाहिजे.

मागणी साधी आहे. जून ते सप्टेंबर या रस्त्यांच्या तोंडाशी रात्री आठपासून पहाटे सहापर्यंत चालू राहणारी वैद्यकीय चौकी आणि रुग्णवाहिका ठेवावी. बारमधल्या बाटल्यांची हंगामात अचानक तपासणी व्हावी आणि बॉम्बा सापडलेल्या बारचा परवाना त्या हंगामापुरता तरी जावा. क्वाड भाड्याने देणाऱ्याने परवाना पाहिल्याची, हेल्मेट डोक्यावर चढवल्याची नोंद ठेवावी. अपघात झाल्यावर ती नोंद नसेल तर त्याला जबाबदार धरावं. बारच्या दारातल्या बाउन्सरना परवाना आणि प्रशिक्षण सक्तीचं हवं. लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन पहाटे ठाण्यात आलेल्या मुलीला 'किती प्यायली होतीस' हा पहिला प्रश्न विचारला जाऊ नये. तिला दुभाषी मिळावा, वैद्यकीय तपासणी मिळावी आणि तक्रारीची प्रत हातात पडावी. शेवटचं म्हणजे, कुठल्या बेटावर किती पर्यटक कशाने मेले आणि किती जायबंदी झाले, याचे आकडे दर हंगामाअखेर जाहीर करावेत. आकडे लपले की प्रत्येक मृत्यू सुटा वाटतो.

यात महाराष्ट्रातल्या लोकांना बोलण्याचा काय अधिकार, असं कुणी म्हणू शकेल. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस वर्षांनी भारताचे पंतप्रधान ग्रीसला गेले, पुढच्या फेब्रुवारीत आपले पंतप्रधान भारतात येऊन गेले आणि मुंबई-अथेन्स थेट विमानसेवाही जाहीर झाली. पुण्या-मुंबईची जोडपी सँटोरिनीला आधीपासून जात होती. आता लंडन, मँचेस्टर, बर्लिनमध्ये शिकणारी मराठी मुलं वर्गमित्रांबरोबर स्वस्त तिकिटावर मालिया-लागानासला जातात. ही मुलं आपली पाहुणी आहेत आणि आमची लेकरं आहेत.

या मुलांच्या आईवडिलांनी आपल्या परीने करायचं ते करावं. पॉलिसी वाचावी, परवाना काढून द्यावा, मोबाइलमध्ये चार नंबर भरून द्यावेत: सर्व संकटांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १६६, पर्यटक पोलिसांसाठी १५७१ आणि स्त्रियांवरील हिंसाचारासाठी चोवीस तास चालणारा १५९००. ११२ हा नंबर फोनमध्ये सिम नसलं तरी लागतो, हेही सांगावं. गटाने एकत्र निघावं आणि एकत्र परतावं, दर रात्री एकाने न पिता राहावं, आणि काही चुकलं तर रागावणार नाही, आधी फोन कर, एवढा शब्द मुलांना द्यावा. पिऊन फसलेली कितीतरी मुलं घरच्यांच्या भीतीनेच फोन करायला उशीर करतात.

घराने करायचं ते घर करील. बाटली तपासणं, रस्त्यावर पोलीस उभा करणं, चौकीत डॉक्टर बसवणं हे कुठल्याही आईबापाच्या हातात नाही, ते आपल्या हातात आहे. पुढचा हंगाम मे महिन्यात सुरू होतो. त्याआधी लागानासच्या त्या रस्त्यावर एक रात्र आपण स्वतः चालून जावं आणि निर्णय घ्यावा, ही विनंती.